जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठी तिच्याच काळातले इग्निशनचे भाग कसे शोधावेत

जुनी एमजी, ट्रायम्फ किंवा ऑस्टिन-हीली पहिल्यांदाच हाती आली की लवकरच एक कोडं पडतं. सकाळी थंड इंजिन लगेच चालू होतं, पण तापल्यावर मिसिंग येतं, चढावर गाडी दम सोडते, आणि भेटेल तो जाणकार कार्ब्युरेटरकडे बोट दाखवतो. पुष्कळदा दोष तिथे नसतोच. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आधीच्या मालकांनी मिळेल तो डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवणारा भाग), मिळेल ती कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि स्वस्तातला रोटर (डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपखाली फिरणारा तुकडा) बसवलेला असतो. मग नवा मालक 'तुमच्या मॉडेलला चालेल' असं लिहिलेले भाग मागवतो आणि गोंधळ आणखी वाढतो.

मी इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतो. या गाड्यांचं बहुतेक विजेचं सामान बनवणारी लुकास कंपनी इथल्याच बर्मिंगहॅमची. माझी गाडी १९६५ची एमजीबी आहे, म्हणून पुढची बरीच उदाहरणं तिचीच येतील. पद्धत मात्र १९४५ ते १९७४च्या दरम्यानच्या कुठल्याही ब्रिटिश स्पोर्ट्स कारला लागू पडते. तुम्ही बर्मिंगहॅममध्ये असा, न्यू जर्सीत असा की पुण्यात, क्रम हाच ठेवा. खरेदी सहाव्या पायरीला आहे आणि ती तिथेच राहू द्या.

१. गाडी नेमकी कधी आणि कोणत्या इंजिनासह बाहेर पडली ते ठरवा

नोंदणीच्या कागदावरचं वर्ष पुरेसं नाही. गाडी कारखान्यातून निघाली एका वर्षी आणि नोंदली गेली दुसऱ्या वर्षी, असं सर्रास घडायचं. परदेशी पाठवलेल्या गाड्यांत तर हा फरक आणखी मोठा असतो.

एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ यांच्या कारखान्यांच्या नोंदी वॉरिकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत. शुल्क भरून तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग आणि गाडी कुठल्या बाजारासाठी बनली ते असतं. जग्वारसाठी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट हेच काम करतो. एक कागद मागवायचाच तर हा मागवा. पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

मग इंजिन नंबर बघा. एमजीबीत तो इंजिनाच्या उजव्या अंगाला ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. सुरुवातीची अक्षरं महत्त्वाची. १९६२ला आलेलं १८जी आणि १९६४च्या सुरुवातीचं १८जीए ही तीन मेन बेअरिंगची (क्रॅंकशाफ्ट तीन जागी धरलेली) इंजिनं. १९६४च्या ऑक्टोबरपासूनचं १८जीबी पाच बेअरिंगचं. १९६७च्या अखेरीस एमजीबीची सुधारित आवृत्ती मार्क टू आली आणि १९७१पासून १८व्ही. या काळात इग्निशनचे भागही बदलत गेले. गाडीतलं इंजिन सर्टिफिकेटमधल्या नंबराशी जुळत नसेल, तर भाग गाडीच्या वर्षाचे नव्हे, बसलेल्या इंजिनाचे घ्यायचे. अ‍ॅडव्हान्स, म्हणजे स्पार्क किती लवकर पडतो ते, इंजिनाला लागतो, नंबरप्लेटला नाही.

२. कागद आणि हत्यारं गोळा करा

कागदांत एवढं हवं:

– हेरिटेज सर्टिफिकेट
– कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल, तुमच्या इंजिनाचा तक्ता असलेलं
– कारखान्याची पार्ट्स लिस्ट. तिच्यात कोणत्या इंजिन नंबरापासून कोणता भाग बदलला ते असतं
– त्या काळातले लुकासचे कॅटलॉग. क्लबांकडे यांच्या प्रती असतात

हत्यारांत फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), मल्टिमीटर, टायमिंग लाइट, ड्वेल मीटर (डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा स्विच, किती अंश बंद राहतात ते मोजणारा), हाताचा व्हॅक्यूम पंप, भिंग आणि चांगली टॉर्च. शिवाय बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे छोटे पाने घ्या, आणि नवखे लोक हेच विसरतात. गाडीचे मोठे नटबोल्ट यूएनएफ या इंचाच्या मापाचे असले तरी लुकासच्या बारीक स्क्रूंना आणि टर्मिनलना जुने बीए आटे असतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, नटाचे कोपरे गोल करतो, आणि मग तो चिमुकला नट शोधत आठवडा जातो.

३. डिस्ट्रिब्यूटर वाचायला शिका

आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला सरसकट डेल्को म्हणतात, तोच हा डिस्ट्रिब्यूटर. इथे घाई करू नका. कॉइल चुकली तर ती बदलता येते. डिस्ट्रिब्यूटर चुकला तर इंजिन वर्षभर चुकीच्या क्षणी पेटत राहतं आणि पिस्टनवर त्याची किंमत दिसते.

आधी जात ओळखा. टी-सिरीजच्या (टीसी, टीडी, टीएफ) एमजींवर सुरुवातीला डीकेवाय कुटुंबातला डिस्ट्रिब्यूटर होता. टीडीच्या उत्तरार्धात आणि टीएफवर डी२ए४ आला. एमजीए, ट्रायम्फ टीआर२ आणि टीआर३ यांच्यावर डीएम२. एमजीबीवर १९६२पासून १९७४पर्यंत २५डी४ आणि त्यानंतर ४५डी४. अमेरिकेला गेलेल्या १९७५च्या एमजीबींवर तर ओपस नावाचा इलेक्ट्रॉनिक ४५डीई४ कारखान्यातूनच होता. जग्वारच्या ई-टाइपमध्ये ३.८ लिटरला डीएमबीझेड६ए आणि ४.२ला २२डी६. आणि ब्रिटिश म्हणजे लुकासच, असं धरून चालू नका: सुरुवातीच्या ट्रायम्फ स्पिटफायरवर डेल्को रेमी कंपनीचा डी२०० होता. त्याची कॅप, रोटर, पॉइंट यांतलं काहीही लुकासशी जुळत नाही.

२५डी४ आणि ४५डी४ यांतला फरक लांबूनही कळतो. २५डी४च्या व्हॅक्यूम युनिटच्या (इंजिनाच्या व्हॅक्यूमने टायमिंग पुढे करणारी बाजूची डबी) टोकाला टायमिंग किंचित मागेपुढे करायचा खाचा पाडलेला गोल नट असतो. ४५डी४ला तो नसतो. १९६५च्या गाडीत तो नट दिसत नसेल, तर डिस्ट्रिब्यूटर नंतरचा आहे हे तिथेच ठरतं. एमजीए-एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनात दोन्ही बसतात, त्यामुळे अशी अदलाबदल खूप झाली आहे.

जात कळली की नंबर बघा. बॉडीवर पाच आकडी सर्व्हिस नंबर ठोकलेला असतो. सुरुवातीच्या एमजीबीसाठी तो ४०८९७. नुसतं '२५डी४' म्हणण्याला फारसा अर्थ नाही, कारण तीच बॉडी कितीतरी सलून गाड्यांवर, व्हॅनवर आणि ट्रॅक्टरसारख्या कामाच्या इंजिनांवर गेली. बाहेरून सगळे सारखे दिसतात. आतली वजनं आणि स्प्रिंगा वेगळ्या असतात, आणि इंजिनाचा वेग वाढतो तसा स्पार्क किती लवकर पडायचा ते त्याच ठरवतात. मळ बसलेला असला तर केरोसीन आणि मऊ ब्रशने साफ करा. सॅंडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका. ठोकलेले आकडे उथळ असतात आणि एकदा गेले की गेले.

नंबर बरोबर असला तरी आतला माल तोच असेल याची खात्री नाही. म्हणून आणखी दोन ठिकाणी बघा.

पहिलं ठिकाण व्हॅक्यूम युनिट. त्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५-१३-१०. पहिला आकडा म्हणजे किती इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला अ‍ॅडव्हान्स सुरू होतो, दुसरा म्हणजे किती इंचांना तो पूर्ण होतो, आणि तिसरा म्हणजे जास्तीत जास्त किती अंश मिळतो. हे अंश डिस्ट्रिब्यूटरचे आहेत. क्रॅंकशाफ्टचे हवे असतील तर दुप्पट करा. नवखा माणूस इथे हमखास अडतो, कारण मॅन्युअलमध्ये काही आकडे क्रॅंकचे आणि काही डिस्ट्रिब्यूटरचे दिलेले असतात.

दुसरं ठिकाण बेसप्लेटच्या, म्हणजे पॉइंट ज्या पट्टीवर बसतात तिच्या, खाली आहे. पॉइंट आणि बेसप्लेट काढली की कॅमच्या पायाशी एक आकडा ठोकलेला दिसतो. हा यांत्रिक अ‍ॅडव्हान्सचा कमाल आकडा, पुन्हा डिस्ट्रिब्यूटरच्या अंशांत. तो आणि मॅन्युअलमधला आकडा जुळला, दोन्ही स्प्रिंगा जागेवर आणि वेगवेगळ्या जाडीच्या असल्या, तर तुमच्या हातात खरा माल आहे. दोन्ही स्प्रिंगा एकसारख्या दिसल्या तर सावध व्हा. लुकासच्या पुष्कळ डिस्ट्रिब्यूटरांत एक स्प्रिंग बारीक आणि लगेच ताण घेणारी, तर दुसरी जाड आणि सैल असते. कुणीतरी आधी 'दुरुस्ती' करताना दोन्ही सारख्या घातलेल्या सापडतात.

शेवटी शाफ्ट आडवा हलवून बघा. शाफ्टभोवतीचा बुश झिजला असला तर पॉइंटचं अंतर प्रत्येक फेरीला बदलतं आणि कितीही नवे पॉइंट घातले तरी इंजिन थरथरत राहतं. ड्वेल मीटर लावल्यावर वेग वाढवताना काटा दोन-तीन अंशांहून जास्त सरकला, तर बुश बदलायला हवा. हा निकाल लागायच्या आधी पॉइंट आणि कॅपवर पैसे घालू नका.

४. तारखेचा शिक्का जुळवा

लुकासच्या भागांवर बनवल्याची तारीख ठोकलेली असते. साठच्या दशकातल्या डिस्ट्रिब्यूटरवर आठवडा आणि वर्ष: '७ ६५' म्हणजे १९६५चा सातवा आठवडा. त्याहून जुन्या भागांवर महिना आणि वर्ष असू शकतं, म्हणून बारा किंवा त्याहून लहान पहिला आकडा आला की भागाचा काळ आधी ठरवा आणि मगच तारीख वाचा. कॉइलवर शिक्का तळाशी किंवा बाजूला असतो.

भागाची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची हवी, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. बर्मिंगहॅमहून माल निघून एमजीच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात गाडीवर चढेपर्यंत तेवढा वेळ जायचाच. गाडीनंतरची तारीख म्हणजे भाग नक्की बदललेला आहे.

मी स्वतः तारखेपेक्षा नंबराला जास्त मान देतो. बरोबर नंबराचा १९६६चा डिस्ट्रिब्यूटर १९६५च्या गाडीत आनंदाने लावावा. तारीख अचूक पण नंबर सलून गाडीचा, असा लावू नये. प्रदर्शनात परीक्षक तारीख बघतात हे खरं. तुम्हाला तिथे उतरायचं असेल तर दोन्ही जुळेपर्यंत थांबावं लागेल, आणि त्याला वर्षंही लागू शकतात.

५. कॉइल, अर्थिंग आणि टॅकोमीटर

साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असायचं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. एमजीबी १९६७च्या अखेरीस मार्क टूबरोबर निगेटिव्ह अर्थिंगवर गेली. मधल्या काळात मालकांनी रेडिओ किंवा अल्टरनेटर लावण्यासाठी जुन्या गाड्याही उलट्या केल्या आहेत. बॅटरीच्या ताराच बघून खात्री करा, पुस्तकावर जाऊ नका.

जुन्या कॉइलच्या टर्मिनलांवर 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' अशी अक्षरं असतात. पहिलं इग्निशन स्विचकडचं, दुसरं पॉइंटकडचं. ही अक्षरं पॉझिटिव्ह अर्थिंग धरून आहेत. गाडी निगेटिव्ह अर्थिंगवर नेली असेल तर याच कॉइलच्या दोन तारा आपसांत बदलाव्या लागतात. नंतरच्या कॉइलवर अधिक-उणे असतात: पॉझिटिव्ह अर्थिंगला अधिक टर्मिनल डिस्ट्रिब्यूटरकडे, निगेटिव्हला उणे डिस्ट्रिब्यूटरकडे. उलटं जोडलं तरी गाडी चालते, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. स्पार्क प्लगच्या गरम मधल्या टोकाकडून निघायच्या ऐवजी उलटा जातो, त्याला जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढावर किंवा ओल्या हवेत मिसिंग येतं. तारांचे रंग ओळखायला सोपे आहेत: स्विचकडून येणारी पांढरी, डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी पांढरीवर काळी रेघ असलेली.

कॉइलचा प्रकार बघा. पन्नासच्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांवर एलए१२, आणि एमजीबीवर एचए१२. मल्टिमीटरने दोन छोट्या टर्मिनलांमधला रोध मोजा. साध्या बारा व्होल्टच्या कॉइलचा तो सुमारे ३ ओहम येतो. दीड ओहमच्या आसपास आला तर ती बॅलास्टची कॉइल, म्हणजे जिच्याआधी व्होल्टेज कमी करणारी रोधाची तार लागते ती. एमजीबीला ती रबरी बंपरच्या काळात आली. बॅलास्टची तार नसलेल्या जुन्या गाडीत ती लावली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. बाजारात चकचकीत सोनेरी स्पोर्ट्स कॉइलही मिळते. चांगली कॉइल आहे, पण १९५५च्या एमजीएत ती लांबूनच खटकते.

एमजीबीच्या टॅकोमीटरचंही (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) इथेच बघून घ्या. तीन बेअरिंगच्या इंजिनांना यांत्रिक टॅकोमीटर होता. १८जीबीपासून स्मिथ्सचा इलेक्ट्रॉनिक आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात कॉइलकडे जाणारी पांढरी तारच टॅकोमीटरच्या मागून वळसा घेऊन पुढे जाते, आणि तो त्या तारेतला करंट मोजतो. अर्थिंग उलटवलं किंवा पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं की हा टॅकोमीटर बंद पडू शकतो किंवा भलतेच आकडे दाखवतो. बिचाऱ्या मीटरचा त्यात काही दोष नसतो.

६. रोटर, कंडेन्सर, पॉइंट: खरेदी इथून सुरू करा

हे तीन भाग झिजतात आणि बदलायचे असतात. यांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: वर दिसणारी बॉडी, कॉइल आणि क्लिपा त्या काळाच्या हव्यात, पण कॅपच्या आत जे झिजतं ते उत्तम दर्जाचं हवं, मग ते कालचं असो की साठ वर्षांपूर्वीचं.

गेल्या दोन-तीन दशकांत बाजारात आलेल्या निकृष्ट रोटरांनी फार लोकांना रस्त्यावर उभं केलं आहे. वरची पितळी पट्टी ज्या रिव्हेटने धरलेली असते ती खाली शाफ्टच्या फार जवळ येते, आणि काळं प्लॅस्टिकही पुरेसं विद्युतरोधी नसतं. गरम झालं की स्पार्क कॅपकडे जाण्याऐवजी रोटरमधून थेट शाफ्टला उतरतो. थंड असताना सगळं ठीक, तापल्यावर बंद. इंग्लंडमधल्या डिस्ट्रिब्यूटर डॉक्टर या लुकास दुरुस्तीच्या व्यवसायाने रिव्हेट नसलेले लाल रोटर बाजारात आणले. ते त्या काळाचे दिसत नाहीत, पण कॅपखाली ते दिसतो कुणाला? मी तेच वापरावेत असं म्हणेन. ज्यांना काळाच रंग हवा त्यांनी लुकासचा न वापरलेला जुना रोटर शोधावा.

रोटर गळतोय का ते तपासायचं असेल तर कॅप काढा, कॉइलची मधली जाड तार रबरी पकडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून तीनेक मिलिमीटरवर धरा आणि इग्निशन चालू ठेवून पॉइंट लाकडी काडीने उघडा. ठिणगी पुन्हा पुन्हा पट्टीवर उडाली तर रोटर फुटलेला आहे. उघड्या तारेला हात लावू नका.

कंडेन्सरचं, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीचं, उलट आहे. जुन्या खोक्यातला न वापरलेला कंडेन्सर मोहात पाडतो, पण आतला कागद आणि मेण दशकांच्या ओलाव्याने खराब झालेलं असू शकतं. क्षमता ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड यायला हवी आणि मीटरचा रोध चढत चढत अनंताकडे जायला हवा. अडकून राहिला तर टाकून द्या. नवाही असाच तपासून घ्या. 'नवीन आहे' ही हमी नाही.

पॉइंट मात्र जुन्या साठ्यातले मिळाले तर आनंदाने घ्या. कॅमवर घासणारी टाच कडक असते आणि रिव्हेट घट्ट असतात. स्वस्त नकलांची टाच मऊ असते, पहिल्या काही शे मैलांत झिजते, अंतर मिटतं आणि टायमिंग मागे सरकतं. बसवताना २५डी४मध्ये एक गोष्ट सांभाळा: डिस्ट्रिब्यूटरच्या आतली तार आणि कंडेन्सरची तार, दोघींचे डोळे पांढऱ्या टोपीसारख्या इन्सुलेटरवर बसून पॉइंटच्या स्प्रिंगला टेकले पाहिजेत, पण मधल्या खांबाला नाही. क्रम चुकला तर स्पार्कच येत नाही, आणि लोक नवीन कॉइल मागवून मोकळे होतात.

बेसप्लेटला जाणाऱ्या दोन बारीक तारांकडेही लक्ष द्या. मूळच्या तारा अगदी मऊ, बारीक धाग्यांच्या असतात, कारण व्हॅक्यूमबरोबर प्लेट सतत फिरते. तिथे घरातल्या वायरिंगची जाड तार लावलेली सापडते. ती प्लेट अडवते आणि काही महिन्यांत आतून तुटते, बाहेरचं आवरण मात्र अखंड.

७. कॅप, प्लग वायरी आणि प्लग

कॅपमध्ये तारा बाजूने शिरतात की वरून, हे काळाप्रमाणे बदललं. एमजीएच्या काळात बाजूने शिरणाऱ्या आणि आत टोकदार स्क्रूने पकडलेल्या तारा असत. पुढे दाबून बसवायच्या आल्या. जुन्या फोटोंशी ताडून बघा.

प्लग वायरी सुरुवातीला तांब्याच्या तारेच्या होत्या. १९५२ साली ब्रिटनमध्ये इग्निशनमुळे रेडिओ आणि टीव्हीत होणारा व्यत्यय रोखण्याचे नियम झाले आणि हा व्यत्यय दाबणारे सप्रेसर आले. स्क्रूने पकडणाऱ्या कॅपला तांब्याचीच तार हवी. कार्बनचा धागा असलेल्या तारेत स्क्रू नीट पकडत नाही.

प्लगच्या लांबीत गफलत करू नका. टी-सिरीजच्या एमजींच्या जुन्या सिलिंडर हेडला अर्धा इंच लांबीचे प्लग लागतात, टीडीच्या उत्तरार्धातल्या हेडला पाऊण इंचाचे. जुन्या हेडला लांब प्लग घातला तर तो सिलिंडरच्या आत डोकावून पिस्टनला लागू शकतो. हेडही बदललेलं असू शकतं, म्हणून आट्यांची लांबी मोजा आणि मगच घ्या.

८. कुठे शोधायचं

सर्वात आधी स्वतःच्या गाडीत आणि तिच्याबरोबर आलेल्या खोक्यात. मूळ नंबराचा डिस्ट्रिब्यूटर झिजलेला असला तरी तो दुरुस्त करून घेणं हे बाहेरून दुसरा आणण्यापेक्षा चांगलं. दुरुस्तीला देताना लेखी सांगा: 'माझाच परत हवा.' एक्स्चेंजमध्ये तुमचा नंबर कुणा दुसऱ्याकडे जातो आणि तुमच्या हाती भलताच येतो.

मग क्लब. एमजी कार क्लब १९३०पासून आहे, त्यात प्रत्येक मॉडेलचं वेगळं रजिस्टर आहे, आणि तिथली माणसं नंबर सांगितला की डोळे मिटून गाडी सांगतात. एमजी ओनर्स क्लब १९७३चा. सदस्य व्हा, प्रश्न विचारा, भाग हवा असल्याचं कळवून ठेवा. चांगला माल बाजारात यायच्या आधी क्लबात फिरतो.

हॅम्पशरमध्ये ब्यूली इथे नॅशनल मोटर म्युझियमच्या आवारात १९६७पासून ऑटोजंबल, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार, भरतं. मोठं इंटरनॅशनल ऑटोजंबल सप्टेंबरमध्ये असतं. नंबरांची यादी, भिंग आणि मल्टिमीटर घेऊन सकाळी लवकर जा. व्यापाऱ्यांमध्ये एमजीसाठी मॉस, ट्रायम्फसाठी रिमर ब्रदर्स, जग्वारसाठी एसएनजी बॅरेट ही जुनी नावं आहेत. त्यांच्याकडे बहुतेक नवे बनवलेले भाग मिळतात. मागवताना फोनवर विचारा की भाग मूळ नंबराचा आहे की पर्यायी.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एमजीए आणि एमजीबी यांच्याच बी-सिरीज कुटुंबातलं. मद्रासची लुकास-टीव्हीएस १९६१ची, त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात लुकासच्या घाटाची कॅप, क्लिपा, रोटर सापडण्याची शक्यता खरी आहे. मूळ भागाशेजारी ठेवून जुळला तर घ्या. पण अ‍ॅम्बॅसडरचा अख्खा डिस्ट्रिब्यूटर एमजीबीत बसवू नका. एमजीबीचं कॉम्प्रेशन ८.८:१ आहे, अ‍ॅम्बॅसडरचं त्याहून बरंच कमी, आणि अ‍ॅडव्हान्स त्या हिशोबाने ठरवलेला असतो. बसेल, चालेल, आणि इंजिन खडखडेल.

परदेशातून मागवताना ड्युटी आणि कर धरून हिशोब करा, आणि बिलावर खरी किंमत व भागाचं नाव लिहून घ्या. वापरलेला माल आयात करण्यावर भारतात निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशातला जुना डिस्ट्रिब्यूटर मागवण्यापेक्षा आहे तोच दुरुस्त करणं आणि झिजणारे भाग नवे मागवणं सोपं जातं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करताना ती मूळ स्वरूपात असावी लागते, तेव्हा काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका.

९. पैसे देण्याआधी विक्रेत्याला काय विचारायचं

फोटो मागा: बॉडीवरचा नंबर आणि तारीख जवळून, व्हॅक्यूम युनिटचे आकडे, खालचं ड्राइव्ह डॉग (शाफ्टला इंजिनाशी जोडणारं टोक), कॅप काढून आतलं दृश्य. नंबर वाचता येत नाही असं उत्तर आलं तर सोडून द्या. 'नवा २५डी४, सगळ्या एमजीबींना चालतो' अशी जाहिरात दिसली तर समजा की तो हल्ली बनवलेला, सरासरी अ‍ॅडव्हान्सचा आहे. तात्पुरता चालेल, पण त्या काळाचा नाही.

व्हॅक्यूम युनिटची चाचणी सोपी आहे. पंप लावून प्लेट फिरते का आणि व्हॅक्यूम टिकतो का ते बघा. आतला पडदा पुष्कळदा फाटलेला असतो, अगदी न वापरलेल्या जुन्या साठ्यातही.

इलेक्ट्रॉनिक किटचा प्रश्न येतो. कॅपखाली लपणारी किट मिळतात आणि रोजच्या वापराला ती बरी आहेत. मी ज्यांना नेहमी लांब जायचं असतं त्यांना अडवत नाही. फक्त अर्थिंगप्रमाणे योग्य किट घ्या, कारण चुकीच्या ध्रुवावर ते पहिल्याच क्षणी जळतं, आणि काढलेली बेसप्लेट पॉइंटांसकट जपून ठेवा.

१०. बसवणं आणि जुळवणं

एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येकानंतर गाडी चालवून बघा. सगळं एकदम बदललं की नवा दोष कुठून आला ते कळत नाही.

२५डी४च्या पॉइंटचं अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. ड्वेल ६० अंशांच्या आसपास. रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२. १८जीबीला स्थिर टायमिंग (इंजिन बंद असताना जुळवायचं) पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या १० अंश आधी. बारा व्होल्टचा छोटा बल्ब डिस्ट्रिब्यूटरच्या टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये लावा. पॉइंट उघडताच तो पेटतो आणि तोच तुमचा क्षण. सुरुवातीच्या एमजीबींत टायमिंगच्या खुणा पुलीच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून टॉर्च घेऊन खालून बघावं लागतं. पुलीवरच्या खाचेला थोडा पांढरा रंग लावून ठेवा.

रोटरखालच्या स्क्रूवर इंजिन ऑइलचे दोन थेंब, कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ थर. जास्त लावलं तर ते पॉइंटवर उडतं.

मग गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा, एखादा चढ घ्या, आणि थांबल्यावर लगेच पुन्हा चालू करून बघा. तापलेल्या इंजिनावर स्वच्छ चालली तर भाग चांगले निघाले. बदललेल्या प्रत्येक भागाचा नंबर, तारीख आणि कुठून घेतला ते एका कागदावर लिहून हेरिटेज सर्टिफिकेटबरोबर ठेवा. डिकीत तपासलेला एक रोटर, एक कंडेन्सर, पॉइंटचा एक जोड आणि बीए पाने एका डब्यात असू द्या.